नाव जर्सीवर, मालक वेगळाच

२०२३ साली जंबो-व्हिस्मा या डच संघाने सायकलिंगमधल्या तिन्ही तीन-आठवडी शर्यती जिंकल्या. जिरो दीतालिया प्रिमोझ रोग्लिचने, टूर द फ्रान्स योनास विंगेगार्डने आणि स्पेनची व्हुएल्टा सेप कुसने. एका वर्षात एकाच संघाने हे करण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षाच्या शेवटी संघाचे नाव ज्या जंबो सुपरमार्केट कंपनीवरून पडले होते, ती बाहेर पडली. मधल्या काळात व्यवस्थापनाने सोडाल–क्विकस्टेप या प्रतिस्पर्धी संघात विलीन होण्याची बोलणीही करून पाहिली; ती फिसकटली.

आपल्या मनात खेळाचा संघ म्हणजे शहराचा, देशाचा किंवा एखाद्या उद्योगपतीचा. त्याला मैदान असते, तिकीटविक्री असते, प्रक्षेपणाच्या पैशात वाटा असतो. सायकलिंगमध्ये यातले जवळपास काहीच नसते, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ इथेच आहे.

गैरसमज १ : सायकल शर्यत हा एकट्याचा खेळ, संघ नावापुरता.

वस्तुस्थिती : विजेता एकच असतो, पण त्याला तिथवर संघ पोचवतो. वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याची ही ताकद वाचते. म्हणून सहकारी आळीपाळीने पुढे राहून म्होरक्याला आडोसा देतात, मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणतात, वेळ पडल्यास स्वतःचे चाक किंवा सायकलही देऊन टाकतात. अशा सहकाऱ्याला ‘डोमेस्तिक’ म्हणतात. २०२३चा कुस याच जातीचा. जिरो आणि टूरमध्ये तो रोग्लिच आणि विंगेगार्डसाठी राबला आणि व्हुएल्टात त्याच दोघांच्या पुढे राहून जिंकला.

टूरमध्ये प्रत्येक संघाचे ८ खेळाडू उतरतात. वर्षभराच्या करारावर मात्र जवळपास ३० असतात, कारण एकाच आठवड्यात दोन-तीन देशांत शर्यती चालू असू शकतात. म्हणजे बस, ट्रक, सायकली आणि माणसे हे सगळेच दोन-तीन जागी लागते. मागच्या गाडीतून रेडिओवर डावपेच सांगणारे स्पोर्टिंग डायरेक्टर, मेकॅनिक, डॉक्टर, प्रशिक्षक, स्वयंपाकी आणि मालिशीपासून रस्त्यावर खाण्याची पिशवी हातात देण्यापर्यंत सगळे पाहणारे सोइन्यर अशी ही फौज असते. बड्या संघात खेळाडूंपेक्षा कर्मचारीच जास्त असतात.

गैरसमज २ : जर्सीवर ज्याचे नाव, तोच मालक.

वस्तुस्थिती : बहुतेक संघ एका व्यवस्थापन कंपनीचे असतात. परवाना तिचा, खेळाडूंशी करार तिचा, बसही तिचीच. जर्सीवरचे नाव प्रायोजकाचे असते आणि ते ठरावीक वर्षांसाठी दिलेले असते. स्पेनचा मोव्हिस्टार संघ पाहा. १९८० साली तो रेनॉल्ड्स होता, मग बानेस्तो बँकेचा झाला. त्याच जर्सीत मिगेल इंदुराईनने १९९१ ते १९९५ सलग पाच टूर जिंकल्या. पुढे आणखी नावे आली आणि २०११ पासून दूरसंचार कंपनीचे मोव्हिस्टार आले. जंबो-व्हिस्माचा संघही आधी राबोबँक, मग बेल्किन, मग लोट्टो-एनएल-जंबो होता; आज तो व्हिस्मा–लीज अ बाइक आहे.

याला अपवाद आहेत. ब्रिटनचा टीम स्काय २०१९ साली इनिओस या रसायन कंपनीने मालकीसह घेतला. २०२४ मध्ये रेड बुलने जर्मनीच्या बोरा-हान्सग्रोहे संघात ५१ टक्के हिस्सा घेतला.

गैरसमज ३ : यूएई, बहारीन, अस्ताना हे त्या त्या देशाचे राष्ट्रीय संघ.

वस्तुस्थिती : यूएईचा म्होरक्या तदेय पोगाचार स्लोव्हेनियाचा, आणि त्याचे सहकारी अनेक देशांचे. हा संघ उभा राहिला तोच इटलीच्या लाम्प्रे-मेरिदा संघाच्या पायावर, २०१७ साली. या तिन्ही संघांमागे सरकारी किंवा सरकारशी जोडलेला पैसा आहे, पण संघ व्यावसायिकच. सायकलपटू देशाच्या रंगात उतरतो तो जागतिक स्पर्धा, खंडीय स्पर्धा आणि ऑलिम्पिकमध्ये.

टूरमध्ये मात्र एके काळी खरेच राष्ट्रीय संघ होते. सायकल कंपन्यांच्या साटेलोट्याला कंटाळून संयोजक आंरी देग्रांज यांनी १९३० मध्ये तशी पद्धत आणली. कंपन्यांचा पैसा बंद झाल्यावर खर्च भागवायला त्यांनी जाहिरातगाड्यांचा ताफा सुरू केला. तो आजही शर्यतीच्या पुढे धावतो. १९६२ मध्ये व्यावसायिक संघ परतले, आणि १९६७-६८चा अपवाद सोडला तर तेच टिकले.

गैरसमज ४ : टूर कोट्यवधी लोक पाहतात, म्हणजे प्रक्षेपणाचा पैसा संघांना मिळतच असणार.

वस्तुस्थिती : इथे आयपीएलचे गणित लागू होत नाही. आयपीएलचे २०२३-२७चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आणि त्यातला मोठा वाटा फ्रँचायझींना मिळतो. टूरचे हक्क मात्र आमोरी कुटुंबाच्या एएसओ या खासगी कंपनीचे आहेत. व्हुएल्टाही तिचीच. संघांना सहभागाचा ठरावीक भत्ता मिळतो, प्रक्षेपणाच्या उत्पन्नात वाटा नाही.

याचे कारण इतिहासात आहे. १९०३ साली ‘लोतो’ या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी टूर काढली, आणि संघ उतरवले ते सायकली विकू पाहणाऱ्या कारखानदारांनी. दोघांचाही फायदा जाहिरातीत होता, त्यामुळे उत्पन्नाची सामायिक तिजोरी कधी झालीच नाही. शर्यत भररस्त्यात होत असल्याने तिकीटही नाही. पुढे सायकलविक्री मंदावली तेव्हा, १९५४ मध्ये, इटलीचा फिओरेंझो मान्यी निव्हिया या क्रीमच्या कंपनीचा पैसा घेऊन आला. सायकलशी संबंध नसलेल्या प्रायोजकांची वाट तिथून रुंद झाली. प्रक्षेपणात वाटा मागणारे पुष्कळ झाले. रशियन बँकर ओलेग तिन्कोव यांनी तर ही व्यवस्था बदलत नाही म्हणून वैतागून २०१६ अखेर आपला संघच बंद केला.

गैरसमज ५ : बक्षिसाच्या रकमेवर संघ चालतो.

वस्तुस्थिती : टूरच्या विजेत्याला ५ लाख युरो मिळतात, एक टप्पा जिंकला तर ११ हजार. प्रथेप्रमाणे ही रक्कम सहकारी आणि कर्मचाऱ्यांत वाटली जाते. दुसरीकडे पुरुषांच्या अव्वल संघाचा वर्षाचा सरासरी खर्च आता ३ कोटी युरोंच्या आसपास आहे आणि श्रीमंत संघांचा त्याच्या दुपटीकडे झुकतो. म्हणजे टूर जिंकूनही सरासरी खर्चाचा साठावा हिस्सा हाती येतो. उरलेला भार जवळजवळ सगळा प्रायोजकांवर. सायकली, टायर, हेल्मेट कंपन्या पुरवतात, आणि बड्या संघांना वर पैसेही देतात.

त्या पैशाचा सर्वांत मोठा भाग पगारात जातो आणि तिथे दरी मोठी आहे. पोगाचारसारख्यांची वार्षिक कमाई लाखो युरोंची. पुरुषांच्या वर्ल्डटूर, म्हणजे अव्वल श्रेणीच्या, संघात नोकरीवर असलेल्या खेळाडूचे किमान वेतन मात्र २०२३ साली सुमारे ४० हजार युरो होते. महिलांच्या वर्ल्डटूरमध्ये २०२० साली ते १५ हजार होते; २०२३ पर्यंत पुरुषांमधल्या नवोदितांइतके, म्हणजे सुमारे ३२ हजार झाले.

गैरसमज ६ : पैसा ओतला की अव्वल श्रेणीत जागा मिळते.

वस्तुस्थिती : जागतिक संघटना यूसीआय वर्ल्डटूरचे १८ परवाने तीन-तीन वर्षांसाठी देते. शर्यतींत मिळवलेले गुण, हिशेब, व्यवस्थापन आणि उत्तेजकविरोधी शिस्त हे सगळे पाहिले जाते. पगार बुडू नयेत म्हणून वार्षिक वेतनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याची बँक गॅरंटीही द्यावी लागते. २०२२ अखेर गुण कमी पडल्याने लोट्टो आणि इस्रायल–प्रीमियर टेक या संघांची एक पायरी खाली घसरण झाली. लोट्टो तर बेल्जियममधल्या सर्वांत जुन्या प्रायोजकांपैकी एक.

वर्ल्डटूरच्या खाली प्रोटीम आणि त्याखाली कॉन्टिनेंटल संघ येतात. जानेवारी २०२६ मधील पुणे ग्रँड टूर यूसीआयच्या २.२ श्रेणीची होती. या श्रेणीत वर्ल्डटूर संघांना प्रवेशच नसतो. त्यामुळे ‘टूर द फ्रान्सचे संघ पुण्यात का आले नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर नियमातच आहे.

गैरसमज ७ : जिंकत राहिले की संघ टिकतो.

वस्तुस्थिती : एचटीसी-हायरोड हा आपल्या काळातला सर्वाधिक विजय मिळवणारा संघ. २०११ मध्ये त्याच्या मार्क कॅव्हेंडिशने टूरची हिरवी, म्हणजे गुणांच्या क्रमवारीतल्या अव्वल खेळाडूची, जर्सी जिंकली. नवा प्रायोजक न मिळाल्याने वर्षअखेर संघ बंद झाला. अगदी अलीकडची उदाहरणेही तीच गोष्ट सांगतात. एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने २०२४ ची हिरवी जर्सी इंटरमार्शे-वाँटीकडून जिंकली. २०२५ अखेर तो संघ लोट्टोत विलीन झाला. आर्केआ संघाचा केव्हिन वोक्लँ २०२५ च्या टूरमध्ये सातवा आला, आणि प्रायोजक निघून गेल्याने तो संघ त्याच वर्षअखेर बंद झाला.

विजय प्रायोजकाला प्रसिद्धी देतो, संघाला मालमत्ता देत नाही. उत्पन्नाचा सामायिक वाटा मिळेपर्यंत कोणताही संघ मुख्य प्रायोजकाच्या करारापेक्षा जास्त सुरक्षित नाही. म्हणून आवडत्या संघाचा पाठपुरावा करणाऱ्यांनी निकालांबरोबर हा करार कोणत्या वर्षी संपतो, तेही पाहून ठेवावे.