गिरडच्या टेकडीवरचे दगडी नारळ

वर्धा जिल्ह्यात माहेर किंवा सासर असलेल्या आमच्या वाचक भगिनींपैकी गिरडला न गेलेली क्वचितच सापडेल. समुद्रपूर तालुक्यातल्या या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. मन्नत पुरी झाली की मुस्लिम कुटुंबे येतात, तशीच हिंदू कुटुंबेही येतात. परवा आम्हीही गेलो होतो. मोठी माणसे जियारत करून सावलीत टेकली आणि मुले उतारावरचे गोल गोल दगड वेचण्यात रमली.

या दगडांची गोष्ट इकडे घरोघरी सांगतात. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या गोण्यांतले नारळ आणि बाकीचा सारा माल दगड होऊन गेला. त्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी सुक्या पानांतून नवा माल करून दिला, आणि ते दोघे बाबांच्या सेवेतच राहिले. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येही ही कथा नोंदलेली आहे. आमच्या धाकटीने मात्र एक दगड आपटून फोडला. आत पांढरे, चमकते खडे निघाले. "अम्मी, नारळात असं असतं का?"

त्या खड्यांना झिओलाइट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, थरावर थर. उकळत्या पाकात बुडबुडे राहावेत तसे त्यात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा थिजून काळा पाषाण झाला, मग त्याच्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपले आणि पाण्यातली खनिजे आतून जमत गेली. भोवतीचा दगड झिजला की या गाठी सुट्या होऊन उतारावर येतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगठीतला अकीकही बहुतेक अशाच पोकळीत तयार झालेला असतो. हिंगणघाटच्या कापसाची काळी जमीन म्हणजे त्याच पाषाणाची माती. हा थर सह्याद्रीत किलोमीटरहून जाड आहे. आपल्याकडे पातळ होत होत नागपूरपाशी संपतो.

"मग इथे परत ज्वालामुखी येईल?" हा पुढचा प्रश्न.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात, आणि ते नखाच्या वाढीइतक्या संथपणे सरकत असतात. आपला भारतीय पट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर उत्तरेकडे जातो. जगातले बहुतेक भूकंप आणि ज्वालामुखी या पट्टांच्या कडांवर होतात, कारण ढकलाढकल आणि घासाघीस तिथेच. उत्तरेला आपला पट्ट आशियावर आदळतो. त्यातून हिमालय उठला आणि तिथे धरणीकंप होत राहतात. पूर्वेला, अंदमानकडे, तो दुसऱ्या पट्टाच्या खाली शिरतो. खाली जाणारा खडक समुद्राचे पाणी सोबत नेतो. ते पाणी खोलवर सुटले की वरचा तप्त खडक लवकर वितळतो आणि ज्वालामुखी पेटतो. अंदमानचे बॅरन बेट असेच जागे आहे.

वर्धा मात्र कडेपासून दूर. मग इथे लाव्हा कुठून आला? पट्टाच्या खाली, खोलवर एक अतिउष्ण जागा होती, आणि आपली भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिच्यावरून सरकत होती. विस्तवावरून पापड पुढे सरकवत नेला की डाग ओळीने पडत जातात, तसेच हे. आपण पुढे निघून आलो, ती जागा मागे राहिली. आज तिच्यावर मॉरिशसशेजारचे रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओततो. म्हणून धाकटीला सांगितले, तो विस्तव इथून गेला बाई.

"आणि जलजला?" तिने विचारले. दादी लगेच म्हणाल्या, "वर्ध्यात नाही येत." आम्हीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. पण लातूरकडे दिलेल्या आमच्या खाला गप्प बसल्या होत्या.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. किल्लारीही पट्टाच्या कडेवर नाही. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या रंगात होता. तरी ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि हजारो माणसे गेली. हिमालयाशी होणाऱ्या टकरीचा दाब साऱ्या पट्टाला सोसावा लागतो, आणि काळ्या पाषाणाखालच्या जुनाट खडकातली एखादी भेग त्याने हलते. असे क्वचित होते, पण होते. खाला एवढेच म्हणाल्या, "धक्क्यापेक्षा भिंतींनी मारलं."

त्यांचे खरे आहे. तिकडच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात जाड. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भर, आणि दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाच्या मातीचा बोजा. हादरा बसताच पदर फुटले आणि छप्पर झोपलेल्यांवर आले.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे आमचीच परसदारची भिंत आली. ती त्याच काळ्या दगडाची, मातीत बसवलेली, मध्यभागी पोट सुटलेली. तिच्या आतल्या बाजूला मुलांच्या गाद्या पसरतात. गेली दोन वर्षे आम्ही तिच्यावर फक्त चुना मारला.

घरी आल्यावर गवंड्याला बोलावले. त्याने हाताने ठोकून पाहिले, दगड पोकळ वाजला. ठिकठिकाणी आरपार बंधनाचे दगड घालायचे, पोट सुटलेला भाग उतरवून पुन्हा रचायचा आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा सिमेंट-सळईचा सलग पट्टा ओतायचा, असे ठरले. खर्च ऐकून दादींनी एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा धाकटीकडे. मग गाद्या उचलून स्वतःच पुढच्या खोलीत नेल्या. काम जुम्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होईल. तोवर बकऱ्याही त्या भिंतीशी बांधायच्या नाहीत, असे त्यांनीच बजावले आहे.