संगणकाची रोधाधिष्ठित स्मृती आणि नॅनोरचना : कोल्हापूर येथील संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना
शून्य आणि एक या दोन अवस्था जपून ठेवणारी व्यवस्था म्हणजे संगणकाची स्मृती होय. प्रचलित स्मृतीत या अवस्था विद्युतभाराच्या रूपाने साठविल्या जातात. डीरॅममधील सूक्ष्म धारित्रातून भार सतत झिरपत असल्याने तो सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. फ्लॅश स्मृतीत भार विजेवाचूनही टिकतो. परंतु घटक जसजसा लहान होतो तसतशी त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या घटते. भाराऐवजी पदार्थाच्या रोधात माहिती साठविता येईल काय, हा विचार या मर्यादांमुळे महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्यामागील तत्त्व व महाराष्ट्रातील एक प्रयत्न यांचा परामर्श घेतला आहे.

रोधबदलाचे तत्त्व
दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड यांसारख्या धातू-ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. विद्युतदाब दिला असता थरातील ऑक्सिजनच्या रिक्त जागा, अथवा चांदीच्या इलेक्ट्रोडातील आयन, सरकतात. त्यातून वाहक तंतू तयार होऊन रोध कमी होतो. अनेक घटकांत उलट दाबाने हा तंतू तुटतो व रोध पुन्हा वाढतो. दाब काढून घेतल्यावरही अणूंची मांडणी तशीच राहते; तीच येथे स्मृती होय. अशा 'मेमरिस्टर' घटकाची संकल्पना लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये मांडली. २००८ मध्ये एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतील स्टॅन्ले विल्यम्स व सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या घटकाशी तिचा संबंध जोडला.

कोल्हापूर येथील संशोधन
शिवाजी विद्यापीठातील डॉ. टी. डी. डोंगळे व त्यांचे सहकारी या विषयावर संशोधन करीत आले आहेत. चांदी, झिंक ऑक्साइड आणि वाहक लेपाची काच अशा रचनेचा मेमरिस्टर जलीय रासायनिक मार्गाने तयार केल्याचे त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोरचित मेमरिस्टरचा संगणकीय प्रतिरूपाद्वारे केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोधस्मृती आणि मेंदूसदृश संगणन हे दोन्ही उपयोग त्यात विचारात घेतले आहेत.

येथे मार्गाची निवड लक्षणीय आहे. महागड्या निर्वात यंत्रणेऐवजी द्रावण, तापमान व वेळ यांच्या नियंत्रणातून थर वाढविता येतो. नाशिकसारख्या शहरातील महाविद्यालयीन रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांना हा मार्ग आवाक्याबाहेरचा नाही.

नॅनोरचना आणि विश्वासार्हता
तंतू दर वेळी नेमका त्याच जागी व तेवढाच जाड तयार होत नाही. त्यामुळे एकाच घटकाच्या दोन आवर्तनांत, तसेच दोन घटकांतही, फरक पडतो. नॅनोदंड किंवा नॅनोतंतू यांच्या साहाय्याने आयनांना ठरावीक वाट देता आली तर हा फरक कमी होण्याची शक्यता असते. म्हणून येथे नॅनोरचना केवळ सूक्ष्मतेसाठी नसून नियंत्रणासाठी आहे.

निष्कर्ष
शून्यबिंदूपाशी चिमटलेला प्रवाह-दाब आलेख एकदा मिळाला म्हणजे स्मृती सिद्ध झाली, असे मानणे घाईचे ठरेल. किती आवर्तने टिकली, अवस्था किती काळ राहिली, किती घटक तपासले व त्यांपैकी किती निकामी ठरले, हे नोंदविणे आवश्यक आहे. साधी साधने ही आपल्या महाविद्यालयांची अडचण असली तरी या नोंदी ठेवण्यास त्यांची आडकाठी नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून ही शिस्त रुजली, तर मोजक्या साधनांवरील संशोधनही विश्वासार्ह ठरू शकेल.