मोरचूद आणि लोखंडी खिळा

शाळेच्या प्रयोगशाळेत मोराच्या गळ्यासारख्या निळ्या खड्यांची बाटली तुम्ही पाहिली असेल. हा मोरचूद, रसायनशास्त्रातले त्याचे नाव कॉपर सल्फेट. दोन-चार खडे कोरड्या परीक्षानळीत तापवा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतील आणि खड्यांची पांढरी पूड होईल. या स्फटिकांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६ ग्रॅम पाणीच असते! नळी निवल्यावर पुडीवर पाण्याचे दोन थेंब टाका. गेलेला निळा रंग परत येतो.

आता मोरचुदाच्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा ठेवा. थोड्याच वेळात त्यावर तांबूस थर चढेल. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील. म्हणून ते स्वतः द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर काढते. हा प्रयोग केवळ परीक्षेपुरता आहे, असे मात्र समजू नका.

१८८२ साली फ्रान्समधील द्राक्षमळे केवडा रोगाने ग्रासले होते. बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांना रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र टिकलेली दिसली. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मळेवाल्यांनी त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता! पुढे प्रयोग करून १८८५ मध्ये मियार्दे यांनी हा उपाय जाहीर केला. तेच 'बोर्डो मिश्रण' आज आपल्याकडे द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीवर फवारतात.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, साधारण तेवढाच कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. नुसता मोरचूद पाने करपवतो. चुन्यामुळे तांबे न विरघळणाऱ्या रूपात पानावर बसते, हळूहळू सुटते आणि बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही. पण चुना पुरेसा पडला हे कसे कळावे? येथे तुमचा खिळा कामाला येतो! तो मिश्रणात बुडवावा. तांबूस झाला, तर आणखी चुन्याचे पाणी घालावे.

मोरचूद विषारी आहे. त्याची चव घेऊ नका, प्रयोगानंतर हात धुवा. शिवाय तांबे कुजत नाही. वर्षानुवर्षे अति फवारल्यास ते जमिनीत साचून गांडुळांना बाधते. म्हणून औषधाचे माप महत्त्वाचे.

आता सांगा पाहू, हे मिश्रण लोखंडी पिंपात का कालवत नाहीत?