अवजड मालमोटारीतील हवाचालित पार्किंग ब्रेक : रचना व दोषशोधन

प्रस्तावना :
घाटाच्या चढावर उभी असलेली भरलेली मालमोटार इंजिन सुरू करूनही जागची हलत नाही, तेव्हा 'ब्रेक जाम झाला' असे सर्रास म्हटले जाते. हे वर्णन अपुरे आहे. पार्किंग ब्रेकमध्ये चाक रोखण्याचे काम हवा करीतच नाही. ते काम स्प्रिंग करते; हवा केवळ त्या स्प्रिंगला दाबून ठेवते. हा उलटा क्रम ध्यानात न घेता केलेली दुरुस्ती बहुधा भलत्याच भागाची होते आणि प्रसंगी जिवावर बेतते.

हवा गेली तर वाहन थांबावे, हे तत्त्व मूळचे रेल्वेचे होय. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या १८६९ मधील पहिल्या हवा-ब्रेकमध्ये नळी तुटली की ब्रेकच नाहीसा होई. १८७२ च्या स्वयंचलित पद्धतीत नळीतील दाब घटताच ब्रेक लागू लागला. मालमोटारीत हीच हमी स्प्रिंग देते.

रचना :
मागील चाकांच्या ब्रेक चेंबरचे दोन कप्पे असतात. एक पायब्रेकचा, तर दुसऱ्यात जाड पोलादी स्प्रिंग. हँडब्रेक सोडला की टाकीतील हवा दुसऱ्या कप्प्यात शिरून स्प्रिंग दाबते. ओढला की ती हवा बाहेर पडते आणि स्प्रिंग ब्रेक लावते. दाब अर्धवट असेल तर ब्रेक ना पूर्ण लागतो ना पूर्ण सुटतो. अशा स्थितीत गाडी रेटल्यास ड्रम तापतो, लायनिंग जळते.

दोषशोधन :
गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, प्रथम दाबमापक पाहावा. दाबच चढत नसेल तर दोष कॉम्प्रेसर, उघडा राहिलेला टाकीचा निचरा-कॉक किंवा नळीतील गळती यांपैकी कशात तरी असतो. सांध्यांवर साबणाचे पाणी टाकणे ही जुनी रीत आजही पुरेशी आहे. दाब योग्य असून एकच चाक अडत असेल, तर त्या चाकाचा चेंबर, त्याची नळी किंवा गंजलेले ब्रेक शू तपासावेत. सर्वच चाके अडत असतील, तर हँडब्रेकच्या व्हॉल्व्हपासून सुरुवात करावी.

सर्वाधिक फसवा दोष वेगळाच आहे. पायब्रेक दाबलेला नसतानाही त्याच्या रिले व्हॉल्व्हच्या निकासातून हवा सतत सुटत राहते. साहजिकच रिले व्हॉल्व्ह बदलला जातो आणि गळती तशीच राहते. अनेकदा चेंबरच्या दोन कप्प्यांमधील सील झिजलेले असते. स्प्रिंगकडील हवा त्यातून पायब्रेकच्या कप्प्यात उतरते आणि तेथून उलट दिशेने रिले व्हॉल्व्हपर्यंत येते. पारख सोपी आहे. हँडब्रेक लावावा : गळती थांबली तर दोष चेंबरचा, चालूच राहिली तर रिले व्हॉल्व्हचा. एवढ्या परीक्षेला एक मिनिटही लागत नाही. तरी ती क्वचितच केली जाते, कारण आवाज येतो तिथेच बिघाड असे गृहीत धरण्याची सवय जुनी आहे.

उभी केलेली गाडी उतारावर सरकणे हा उलट दोष. त्याची कारणे सैल स्लॅक अ‍ॅडजस्टर, झिजलेले वा तेलकट लायनिंग आणि तुटलेली स्प्रिंग ही होत.

स्प्रिंगचा कप्पा मात्र रस्त्यावर कधीही उघडू नये. दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद झाकण गोळीसारखे फेकू शकते आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. बिघडलेला चेंबर खोलण्याऐवजी तो पूर्ण बदलणे हाच योग्य मार्ग. अडकलेली गाडी हलवण्यासाठी स्प्रिंग खास बोल्टने ओढून बांधता येते. परंतु त्याआधी चाकांना ठोकळे हवेतच, कारण ब्रेक सुटताक्षणी गाडी धरून ठेवणारे दुसरे काही उरत नाही. काम संपल्यावर हा बोल्ट काढायचा राहिला, तर रस्त्यावर पायब्रेक नेहमीप्रमाणे लागतो, दाबमापकही योग्य आकडा दाखवतो. त्या चाकाला पार्किंग ब्रेक नाही, हे गाडी पुढच्या उतारावर उभी केल्यावरच कळते.