तळ्याकाठची खतावणी : चतुर आणि टाचण्या

व्यापारी कुटुंबांत वहीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रोजकीर्दीत नोंद झाली, तेथून ती खतावणीत गेली, म्हणजे व्यवहार पक्का झाला. आणि वर्षअखेरीस ताळेबंद मांडला की तूट कोठे आली हे कळते. गावच्या तळ्याच्या बाबतीत मात्र ही शिस्त आपण पाळत नाही. तेथे कोणते जीव राहतात, केव्हा येतात, केव्हा दिसेनासे होतात, याची नोंद कोणत्याही वहीत नसते. त्यामुळे त्यांतील काही कायमचे नाहीसे झाले तरी तूट कोणाच्या लक्षात येत नाही.

बँकेतील सेवेतून निवृत्त झाल्यानंतर मी कॅमेरा हाती घेतला आणि कोल्हापूरच्या कळंबा, राजाराम तलाव व रंकाळा या परिसरांत, तसेच आसपासच्या खेड्यांतील लहान तळ्यांवर चतुर आणि टाचण्या यांची छायाचित्रे काढू लागलो. प्रत्येक छायाचित्रापुढे तारीख, वेळ, स्थळ आणि हवामान लिहून ठेवण्याची सवय जुन्या नोकरीतूनच आली होती. काही हंगामांच्या या नोंदींतून जे दिसले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोण हे चतुर?

लहानपणी शेपटीला दोरा बांधून ज्याला उडवण्याचा क्रूर खेळ मुले खेळत, तो चतुर आपल्या परिचयाचा आहे. त्याची नाजूक भावंडे म्हणजे टाचण्या. दोघांतील भेद ओळखणे सोपे आहे. चतुर बसला की चारही पंख विमानासारखे आडवे पसरून ठेवतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे टपोरे डोळे बहुतेक जातींत माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणीचे डोळे एकमेकांपासून दूर, डोक्याच्या दोन बाजूंना असतात. शास्त्रज्ञ या दोघांचा समावेश ओडोनाटा या गणात करतात. भारतात या गणाच्या सुमारे ५०० जाती आहेत आणि त्यांपैकी सुमारे २०० पश्चिम घाटात आढळतात.

या जीवांचा पायाभूत अभ्यास इंग्रजी अमदानीत लष्करी वैद्यकीय सेवेतील एफ. सी. फ्रेझर या डॉक्टरांनी केला. त्यांचा ग्रंथ १९३३ ते १९३६ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकांना त्याच्याकडे वळावे लागते. के. ए. सुब्रमण्यन यांच्या सचित्र मार्गदर्शक पुस्तकांनी पुढे हा विषय सामान्य वाचकांच्या आवाक्यात आणला. हे ज्ञान पूर्ण झाले आहे असेही नाही. शंतनू जोशी व दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ साली सिंधुदुर्गातून टाचणीची आणि २०२० साली कोकण किनारपट्टीवरून चतुराची अशा दोन नव्या जाती जगापुढे मांडल्या. चतुराच्या त्या जातीच्या शास्त्रीय नावातच ‘कोंकणेन्सिस’ हा शब्द आहे. आपल्या दाराशी, आपल्याच राज्यात, अजून नाव न मिळालेले जीव असू शकतात ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आपल्या जीवविचारात भुंगा, माशी यांसारख्या जीवांना चतुरिंद्रिय म्हटले आहे. त्या चार इंद्रियांपैकी चक्षू हे इंद्रिय चतुराच्या ठायी किती विकसित व्हावे! मोठ्या चतुराचा एकेक डोळा सुमारे तीस हजार सूक्ष्म भिंगांचा बनलेला असतो. चारही पंख तो स्वतंत्रपणे हलवू शकतो. त्यामुळे हवेत स्थिर राहणे, क्षणात वळणे, मागे सरकणे हे सर्व त्याला साधते.

पाण्यातले बालपण

आपण ज्याला चतुर म्हणतो ती त्याच्या आयुष्याची केवळ अखेरची अवस्था होय. आयुष्याचा मोठा भाग तो पाण्याखाली अळीच्या रूपाने काढतो. काही जातींत हा काळ काही आठवड्यांचा असतो, तर काहींत महिन्यांचा किंवा वर्षांचाही असतो. टाचणीच्या अळीला शेपटीच्या टोकाशी पानांसारखे तीन कल्ले असतात. चतुराच्या अळीचे कल्ले शरीराच्या आत, मागील भागात असतात. तेथून पाण्याची चिळकांडी सोडून ती वेगाने पुढे झेपावते. तिचा खालचा ओठ हात दुमडावा तसा घडी केलेला असतो आणि भक्ष्य दिसताच तो क्षणार्धात पुढे येतो.

या अळ्यांच्या आहारात डासांच्या अळ्या मोठ्या प्रमाणात असतात. म्यानमारमधील यांगून शहरात नागरिकांच्या सहभागाने घरगुती पाणीसाठ्यांत चतुराच्या अळ्या सोडण्याचा प्रयोग झाला आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय घटले. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेला लालभडक चतुर, म्हणजे रडी मार्श स्किमर, आपल्याकडील तळ्यांवरही सर्रास दिसतो.

वाढ पूर्ण झाली की अळी एखाद्या लव्हाळ्यावर किंवा काठावरच्या दगडावर चढते. पाठीवर कात उकलते आणि आतून फिकट, ओलसर, चुरगळलेल्या पंखांचा जीव बाहेर येतो. पंखांत द्रव खेळून ते ताठ होईपर्यंत त्याला उडता येत नाही. पहाटे तळ्यावर गेलो तर देठाला चिकटलेली रिकामी कात आणि तिच्या वरच्या बाजूस काचेसारख्या पंखांचा नवा चतुर, असे चित्र टिपता येते. त्या वेळी त्याला हात लावू नये, फांदीही हलवू नये. पंख एकदा वाकडे वाळले की ते पुन्हा सरळ होत नाहीत.

वर्षाचे चक्र

वैशाखात पाणी आटलेले असते. गढूळ, काहीशा दूषित पाण्यावरही नारिंगी पंखांचा डिच ज्वेल हा चतुर टिकून असतो. दुपारच्या कडक उन्हात काही चतुर शेपटी सरळ आकाशाकडे उभारून बसतात. हा दिमाख नव्हे. सूर्याच्या दिशेने शेपटी धरली की उन्हाला सामोरे जाणारे शरीर कमीत कमी राहते आणि उष्णतेपासून बचाव होतो.

मृगाच्या सुमारास वळवाचे ढग जमू लागले की मोकळ्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. हा वाँडरिंग ग्लायडर. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालून दीड-दोन महिन्यांत त्याची पुढची पिढी तयार होते.

आषाढातील संततधारेत कॅमेरा घरीच राहतो. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की टाचण्यांचे दिवस येतात. पिवळीधमक कोरोमंडल मार्श डार्ट गवतात दिवा लावल्यासारखी दिसते, तर पिग्मी डार्टलेट इतकी इवली की गुडघे टेकल्याशिवाय नजरेस पडत नाही. भातखाचरांच्या बांधावर काळ्या-पांढऱ्या पंखांचा पाइड पॅडी स्किमर हळुवार तरंगतो.

भाद्रपद आणि आश्विन हा हंगामाचा कळस. लाल, गुलाबी, निळे, सोनेरी असे सर्व रंग एकाच काठावर भेटतात. नरमादी जोडीने उडतात. अनेक चतुर-माद्या शेपटीचे टोक पाण्यावर टेकवत अंडी सोडतात, तर टाचण्या पाणवनस्पतींच्या देठांना चीर पाडून त्यांत अंडी घालतात. हा फरक लक्षात ठेवावा. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

दिवाळीनंतर संख्या ओसरते. वाँडरिंग ग्लायडरची हकीकत येथे विशेष आहे. मालदीव बेटांवर राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आले की, ज्या बेटांवर गोडे पाणी जवळजवळ नाही तेथे दरवर्षी ऑक्टोबरपासून हे चतुर लाखोंनी उतरतात. २००९ साली त्यांनी मांडले की, हे चतुर भारतातून वाऱ्याच्या साहाय्याने सागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात आणि त्यांची पुढील पिढी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येते. पिढ्यांच्या साखळीने पूर्ण होणारा हा फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा असावा. आपल्या मैदानावर घिरट्या घालणारा चतुर असा परदेशी पेढीचा दूत निघावा, यापरते आश्चर्य कोणते?

पौष-माघात काठ शांत असतो. बरेच काही पाण्याखाली चाललेले असते. छायाचित्रे निवडण्याचा आणि वही पूर्ण करण्याचा तो काळ.

कॅमेऱ्याची शिस्त

या छंदासाठी फार महाग साधने लागतातच असे नाही. ९० ते १०५ मिलीमीटरची मॅक्रो लेन्स किंवा जवळून फोकस होणारी ३०० मिलीमीटरची झूम लेन्स पुरते. वेळ मात्र सकाळची हवी. रात्रीच्या गारव्याने अंग थंड असते, ऊन लागेपर्यंत कीटक उडत नाहीत आणि पंखांवर दव असते.

चतुर ठरावीक काडीवर पुनःपुन्हा येऊन बसतो. त्याच्या मागे धावण्यापेक्षा त्या काडीसमोर शांत बसणे लाभाचे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. टाचणीचे शरीर लांब आणि बारीक असल्याने कॅमेरा तिच्या शरीराला अगदी समांतर धरावा; नाहीतर डोळा स्पष्ट येतो आणि शेपटी धूसर होते. ओळख पटण्यासाठी एक चित्र बाजूने, एक वरून आणि एक शेपटीच्या टोकाचे असावे, कारण एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींतील भेद बहुधा त्या टोकाच्या रचनेत असतो. ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळांवर ओळखीसाठी साहाय्य मिळते आणि आपली नोंद अभ्यासकांच्याही उपयोगी पडते.

संग्रहासाठी कीटक मारून टोचून ठेवण्याची पद्धत शास्त्रीय अभ्यासात काही प्रसंगी अजूनही वापरली जाते. हौशी माणसाला तिची गरज नाही. कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये गारठवणे किंवा पंख चिमटीत धरून ‘पोज’ घेणे हे प्रकारही टाळावेत. त्या जीवाला यत्किंचितही पीडा न होता मिळालेले चित्रच खऱ्या अर्थाने आपले.

तूट कोठे आली

आता खतावणीचे ते पान, ज्यासाठी हा लेख लिहिला. आमच्या भागातील एका खेड्यात जुने तळे आहे. त्याच्या एका बाजूस घाट, तर उरलेल्या काठावर पाणकणीस, लव्हाळे आणि गुडघाभर गवत होते. भाद्रपदातील एका सकाळी तेथे इतकी विविधता मिळे की वहीचे पान पुरत नसे. पुढे गावाने तळ्याचे सुशोभीकरण केले. गाळ एकाच उन्हाळ्यात पूर्ण उपसला, चारही बाजूंना दगडी पिचिंग केले, फरसबंद पदपथ आणि रंगीत दिवे आले. पाणी वाढले, लोक सकाळी फिरायला येऊ लागले. काम चांगल्या हेतूने आणि चोख झाले होते.

त्यानंतरच्या भाद्रपदात माझ्या वहीत काय उरले? डिच ज्वेल, जो दूषित पाण्यातही निभावून नेतो. वाँडरिंग ग्लायडर, जो मुळातच प्रवासी. आणि ग्रॅनाइट घोस्ट, ज्याचा करडा ठिपकेदार रंग दगडी भिंतीशी इतका एकरूप होतो की बसलेला दिसत नाही, आणि जो सिमेंटच्या टाकीतही वाढतो. त्या तळ्यावर त्याची तर चंगळ झाली होती. मात्र पिवळी मार्श डार्ट नाही, पिग्मी डार्टलेट नाही, लव्हाळ्याच्या शेंड्यावर बसणारा लांब पायांचा मार्श ग्लायडर नाही.

कारण उघड आहे. टाचण्यांना अंडी घालण्यासाठी वनस्पतींचे देठ लागतात. अळ्यांना माशांपासून लपण्यासाठी पाण्यातील झाडोरा लागतो. कात टाकल्यावर नव्या जीवाला अंग टणक होईपर्यंत काठच्या गवताचा आडोसा लागतो. पाणी जागेवर असले तरी काठ गेला की हे सारे जाते. तळे म्हणजे केवळ पाणी नव्हे. पाणी आणि जमीन यांच्यामधला तो चार-पाच हातांचा चिखल-गवताचा पट्टाही तळेच आहे. आपल्या नजरेला तो अस्वच्छ वाटतो आणि म्हणून सर्वप्रथम तोच साफ केला जातो.

गावोगावच्या तळ्यांच्या कामांना आपल्या समाजातील पेढ्या आणि विश्वस्त संस्था सढळ हाताने देणग्या देतात. पाणपोई, घाट, तळी यांसाठी दान देण्याची ही परंपरा जुनी आणि स्तुत्य आहे. देणगीबरोबर काही अटी घालण्याचा अधिकार दात्याला असतो, तो येथे अवश्य वापरावा. पिचिंग घाटापुरते ठेवावे आणि निदान एक बाजू मातीची, गवताची राहू द्यावी. गाळ एकाच वर्षी सर्वत्र न काढता अर्धे तळे यंदा, अर्धे पुढील वर्षी असे काम करावे, म्हणजे उरलेल्या भागातील जीव दुसरीकडे पसरू शकतात. जलपर्णी काढावी, पण पाणकणीस आणि लव्हाळे ठेवावेत. दिवे पदपथापुरते असावेत, पाण्यावर त्यांचा झोत नसावा. या अटींनी खर्च फारसा वाढत नाही. काही ठिकाणी तो कमीच होतो.

आणि एक अट वहीची. काम सुरू होण्यापूर्वीच्या भाद्रपदात घरातील एखाद्या मुलामुलीच्या हाती मोबाइल किंवा कॅमेरा देऊन त्या काठाची नोंद करून घ्यावी आणि काम झाल्यानंतरच्या भाद्रपदात तीच नोंद पुन्हा करावी. दोन पाने शेजारी ठेवली की दिलेली रक्कम कोणाच्या खाती जमा झाली आणि कोणाच्या खाती नावे पडली, हे ताळेबंदाइतके स्वच्छ दिसेल.