मुस्तफा : एका पडद्यावरच्या सहकार्याचा खेळ

छत्रपती संभाजीनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, वाळूज औद्योगिक क्षेत्राला लागून वसलेल्या बजाजनगराला ज्या कारखान्यावरून नाव मिळाले, त्या बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. नोकरीसाठी मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातील गावांतून आलेल्या कामगारांची ही वसाहत वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीच्या हद्दीत शहराच्या आकाराची झाली, आणि तिच्यातील पहिली पिढी शाळकरी वयात आली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांच्या बाजारपेठांत 'व्हिडिओ गेम पार्लर' नावाची दुकाने रुजली तीही त्याच दशकात. दुकानमालकाकडून घेतलेले टोकन यंत्राच्या खाचेत टाकावे, उभ्या कपाटात बसवलेल्या पडद्यासमोर उभे राहावे आणि 'लाइफ' संपेपर्यंत खेळावे, अशी त्यांची रीत होती. या दुकानांत ज्या मोजक्या खेळांनी मुलांना वेड लावले, त्यांत जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधील 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ अग्रभागी होता. मुलांनी त्याचे मूळ नाव कधी फारसे वापरले नाही. त्यातील एका पात्रावरून त्यांनी खेळालाच 'मुस्तफा' म्हटले, आणि भारतभर तो आजही याच नावाने ओळखला जातो.

या खेळाचे मूळ एका अमेरिकी चित्रकथेत आहे. मार्क शुल्ट्झ या चित्रकाराची 'झेनोझोइक टेल्स' ही मालिका १९८७ पासून किचन सिंक प्रेस या प्रकाशनसंस्थेने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. पृथ्वीवर मोठा उत्पात होऊन माणूस भूगर्भात जातो, शतकांनंतर सव्विसाव्या शतकात तो पुन्हा वर येतो, तेव्हा जमिनीवर डायनोसॉर वावरत असतात, असा तिचा कथाविषय आहे. नायक जॅक टेनरेक हा व्यवसायाने यंत्रदुरुस्ती करणारा कारागीर असून विसाव्या शतकातील जुन्या कॅडिलॅक मोटारी तो पुन्हा चालत्या करतो. निसर्गाचा तोल बिघडवणाऱ्या शिकाऱ्यांशी त्याचे वैर आहे. वाहने बनवणाऱ्यांच्या वस्तीतील वाचकाला हा नायक विशेष जवळचा वाटावा, कारण साहसकथांच्या नायकांत हातात पाना घेतलेला माणूस क्वचितच आढळतो. या चित्रकथेवर नेल्व्हाना या कॅनडातील संस्थेने तयार केलेली तेरा भागांची व्यंगपटमालिका सप्टेंबर १९९३ पासून अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर दाखवण्यात आली. मालिका एका हंगामातच आटोपली, तिच्या थोडा आधी आलेला खेळ मात्र टिकला.

खेळाचा प्रकार मारामारीचा, म्हणजे खेळाडूने डावीकडून उजवीकडे सरकत जायचे, वाटेत टोळ्यांनी येणाऱ्या शत्रूंना ठोसे, लाथा आणि हाती लागेल त्या शस्त्राने लोळवायचे आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एका बलाढ्य 'बॉस'शी झुंजायचे. टेक्नोस कंपनीच्या 'डबल ड्रॅगन'ने १९८७ मध्ये दोघांनी मिळून असे लढण्याची गोडी लावली होती, आणि १९८९ मध्ये कोनामी कंपनीने 'टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स' या लोकप्रिय व्यंगपटमालिकेवरून चार जणांनी एकाच वेळी खेळायचा खेळ काढून एक नवी वाट दाखवली. मुलांना आधीच ठाऊक असलेली पात्रे, प्रत्येकाला त्यांतील एक, आणि सर्वांचा शत्रू एकच, या वाटेने कॅपकॉमही आली.

'मुस्तफा'त मात्र ही रचना अधिक विचारपूर्वक उतरली आहे. आठ टप्प्यांच्या या खेळात चार पात्रांतून निवड करता येते : सर्व बाबतींत मध्यम असलेला जॅक, शस्त्रे व वस्तू कौशल्याने वापरणारी हॅना डंडी, सर्वांत चपळ मुस्तफा कैरो आणि सर्वांत ताकदवान, पण संथ मेस ओब्रॅडोविच. कळदांडा एकाच दिशेला दोनदा झटकला की पात्र धावू लागते आणि धावता धावता हल्ल्याचे बटण दाबले की मुस्तफा उडी घेऊन लाथ मारतो. वेग आणि पल्ला यांमुळे ही लाथ गर्दी फोडण्यास इतकी उपयोगी पडते की नवखा खेळाडूही तिच्या बळावर पुढे सरकू शकतो. ज्याच्याकडे एकच टोकन आहे अशा मुलाने मुस्तफालाच पसंती द्यावी, यात नवल नाही. त्यातच जॅक, हॅना, मेस या परक्या नावांच्या रांगेत ओळखीचे वाटणारे नाव त्याचे एकट्याचे होते. चित्रकथेतील हा दुय्यम साथीदार भारतात नायक झाला तो या दोन कारणांनी, आणि त्यांतले पहिले अधिक वजनदार मानावे लागते.

खेळाला दोनच बटणे आहेत, एक हल्ल्याचे आणि एक उडीचे. दोन्ही एकदम दाबली असता पात्र भोवतालच्या सर्वांना उडवून लावते, पण त्या फटक्याच्या मोबदल्यात त्याची स्वतःची शक्ती, म्हणजे पडद्यावरील 'पॉवर'ची पट्टी, थोडी घटते. पिंपे आणि खोकी फोडली की बंदूक, सुरुंग किंवा खाद्यपदार्थ मिळतात. खाल्ले की पॉवर वाढते. डायनोसॉर हे येथे निव्वळ शत्रू नाहीत. डिवचला गेलेला प्राणी चवताळून समोर येईल त्याला तुडवतो, मग तो शिकारी असो वा खेळाडू, आणि मूळ चित्रकथेतील निसर्गविचाराचा एवढाच, पण खरा अंश खेळात शिल्लक राहिला आहे. तिसऱ्या टप्प्यात खेळाडू कॅडिलॅक चालवत शत्रूंना चिरडत जातात. त्या काळच्या मारामारीच्या खेळात असा बदल दुर्मीळ होता, आणि खेळलेल्यांना हा टप्पा हमखास आठवतो.

सहकार्याची खरी परीक्षा मात्र नियमांच्या फटींत आहे. पडदा एकच असल्याने एक खेळाडू मागे रेंगाळला तर दृश्य पुढे सरकत नाही, आणि दुसऱ्यालाही थांबावे लागते. सापडलेले खाणे वाटून घेण्याची सोय नाही, जो उचलेल त्यालाच ते मिळते. त्यामुळे कोणाची पट्टी अधिक रिकामी आहे हे पाहून दुसऱ्याने मागे राहायचे असते. पात्र मेले की उलटी मोजणी सुरू होते आणि ती संपण्यापूर्वी टोकन टाकल्यास त्याच जागेवरून खेळ पुढे चालू होतो, म्हणजे आपले शेवटचे टोकन स्वतःसाठी राखावे की सोबत्याला द्यावे, हा प्रश्न मुलांपुढे दर थोड्या वेळाने उभा राहतो. यांपैकी काहीही यंत्र शिकवत नाही. ते फक्त तशी वेळ आणते, आणि शेजारी उभ्या असलेल्या, अनेकदा अनोळखी मुलाशी बोलून तो प्रश्न सोडवावा लागतो. घरात एकट्याने खेळायच्या खेळांच्या तुलनेत या प्रकाराचे मोठेपण येथे आहे.

मूळ यंत्र एकाच वेळी तीन खेळाडूंना सामावून घेई, पण पुष्कळ ठिकाणी तिसरा दांडा नव्हता, आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. १९८५ च्या सुमारास जपानमधील यंत्रखेळ उत्पादकांच्या संघटनेने कपाट आणि 'बोर्ड', म्हणजे खेळ साठवलेली मंडलपट्टी, यांना जोडणारी छप्पन्न टोकांची प्रमाण जोडणी ठरवून दिली. 'जामा' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यामुळे एकाच कपाटात आज एक बोर्ड आणि उद्या दुसरे बसवता येऊ लागले, परंतु या जोडणीत सोय दोन खेळाडूंचीच होती. तिसऱ्यासाठी वेगळी तार ओढावी लागे, आणि साध्या कपाटात ती नसे.

बनावट बोर्डांचाही या खेळाच्या प्रसारात मोठा वाटा आहे. कॅपकॉमच्या या यंत्रप्रणालीत खेळ चालवण्याचे काम मोटोरोला ६८००० हा प्रक्रियक करतो, तर ध्वनीचे काम झेड-८० हा दुसरा प्रक्रियक आणि 'क्यूसाउंड' नावाची द्विध्वनी चिप मिळून करतात. नक्कल रोखण्यासाठी कंपनीने ध्वनीचा आदेशसंच कूटबद्ध केला, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणाऱ्या रूपात ठेवला, आणि ती किल्ली एका लहान बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत साठवली. बॅटरी संपली की किल्ली जाते आणि अस्सल बोर्ड निकामी होते. नकलाकारांनी हे कुलूप तोडण्याच्या भानगडीत न पडता खेळाचा भाग तसाच उचलला आणि ध्वनीच्या जागी एक स्वस्त नियंत्रक बसवून त्यावर मोजके आवाज भरले. अशा बोर्डांवर दृश्य जवळजवळ मूळचेच, पण संगीत तुटक आणि आवाज भसाडा असे, आणि या खेळाचा आवाज मुळात तसाच असल्याची अनेकांची समजूत त्यामुळेच झाली असावी. संरक्षित बोर्ड बॅटरीसोबत मरते आणि बनावट बोर्ड चालत राहते, हा या संरक्षणाचा परिणाम न्याय्य म्हणता येत नाही.

पार्लर या संस्थेला समाजात प्रतिष्ठा मिळाली नाही. महाराष्ट्रात व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली शुल्क आकारले जाई, परवान्यासाठी पोलिसांकडे जावे लागे, आणि या दुकानांच्या आडून काही ठिकाणी जुगाराची यंत्रे चालवली गेल्याने सर्वच पार्लरांकडे संशयाने पाहिले गेले. शाळा बुडवून तेथे जाणाऱ्या मुलांमुळे पालकांचा रागही रास्त होता. तरीही जुगाराचे यंत्र आणि 'मुस्तफा'चे यंत्र यांत मूलभूत अंतर आहे : पहिल्यात निकाल दैवाधीन असतो, दुसऱ्यात सराव करणारा पुढे जातो.

घरोघरी संगणक आल्यावर पार्लरे ओसरली आणि खेळ संगणकावर गेला. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ मध्ये सुरू केलेल्या 'मेम' या प्रणालीमुळे जुन्या यंत्रांचे वर्तन संगणकावर हुबेहूब उभे करता येऊ लागले, आणि सायबर कॅफेत एकाच कळफलकावर दोघांनी दाटीवाटीने 'मुस्तफा' खेळण्याची नवी रीत पडली. कॅपकॉमने स्वतः हा खेळ घरगुती यंत्रांसाठी काढला नाही. २०१८ मध्ये आपल्या सात जुन्या मारामारीच्या खेळांचा संच प्रसिद्ध करतानाही तिने तो वगळला. चित्रकथेचे हक्क एकाकडे, मोटारीच्या नावाचे हक्क जनरल मोटर्सकडे आणि खेळाचे कॅपकॉमकडे, अशी विभागणी असताना पुनःप्रकाशन अवघड होते, हे उघड आहे.

अशा स्थितीत या खेळाचे महाराष्ट्रातील अस्तित्व जुन्या बोर्डांत, दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातांत आणि खेळलेल्यांच्या आठवणींतच उरते. ज्या पार्लरमालकांकडे किंवा कारागिरांकडे अशी कपाटे व बोर्ड अजून पडून असतील, त्यांनी ती भंगारात घालू नयेत, अस्सल बोर्डाची बॅटरी जिवंत असतानाच जाणकाराकडून बदलून घ्यावी, आणि आपले दुकान कोठे होते, टोकन केवढ्याला होते, दांडे दोन होते की तीन, एवढे तरी लिहून ठेवावे.