काडीही उचलू देत नाही

पहाटे ५.३०

आषाढात नारायणगावची झोप मोडते ती पिकअप गाड्यांनी. टोमॅटोचा हंगाम भरात असतो, वीस-वीस किलोचे क्रेट रचलेल्या गाड्या बाजाराकडे निघालेल्या असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली वयस्कर माणसं हेच माझं रोजचं काम. चहा घेता घेता दिवसाची यादी वाचते. नावापुढे वय असतं, आजार असतो. मला मात्र आणखी एक गोष्ट हवी असते, ती मी पेन्सिलीनं लिहून ठेवते: या माणसानं शेवटचं जड काय आणि कधी उचललं?

सकाळी ७

वारुळवाडीच्या पुढे मळ्यात घर. आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, सगळी हयात द्राक्षबागेत गेलेली. न्यूमोनिया झाला, दहा दिवस दवाखान्यात होते. ताप गेला, फुप्फुस साफ झालं, पण पाय काम देईनात. सून दारातच सांगते, "ताई, आल्यापासून आम्ही त्यांना काडीही उचलू देत नाही. तांब्यासुद्धा हातात देतो." तिच्या बोलण्यात माया आहे, त्या मायेवर शंका घ्यायला जागा नाही. पण नुकसान तिथूनच सुरू होतं.

मी आजोबांना कॉटवरून उठायला सांगते. ते दोन्ही हात गुडघ्यांवर रोवतात, पुढे झुकतात, मागे येतात, पुन्हा झुकतात. तिसऱ्या झोक्याला उठतात आणि लगेच भिंत शोधतात. मांडीवरची कातडी सैल लोंबते आहे. निरोगी, सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवल्याचा एक अभ्यास अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आजार कसलाच नव्हता, तरी दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो मांस गेलं. आमच्या आजोबांना तर वर ताप होता.

पाय वापरात नाही हे स्नायूच्या पेशीला काही दिवसांतच कळतं. ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची जनुकं मंदावतात, नवं प्रथिन घडवणं कमी होतं. तरुण स्नायू पुन्हा चालायला लागल्यावर ही तूट भरून काढतो. म्हातारा स्नायू आपणहून भरून काढत नाही, त्याच्याकडून ते करवून घ्यावं लागतं.

"डॉक्टरीणबाई, सत्तर वर्षं राबलो. आता कशाला व्यायाम?" आजोबा विचारतात. मी म्हणते, "राबलात म्हणून तर पाय अजून ओळख देताहेत. आज दहा वेळा उठायचं. हात धरायला मी आहे, उद्यापासून सूनबाई."

सकाळी १०

दवाखान्यात गर्दी. साठीपुढच्या प्रत्येकाची दोन मोजमापं मी सोडत नाही. एक, हाताची पकड: आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ साली ठरवलेल्या निकषानुसार पुरुषाची २८ किलोच्या खाली आणि बाईची १८ किलोच्या खाली असेल तर स्नायू क्षीण होत असल्याची शंका घ्यायची. दुसरं, हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठणं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर तेच. या क्षीणतेला सार्कोपेनिया म्हणतात.

ओतूरचे एक निवृत्त विज्ञानशिक्षक येतात. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, तो पाय डाव्यापेक्षा बारीक. सरांचा प्रश्न नेमका असतो: "जनुकं तर जन्माची. व्यायामानं त्यात काय बदलणार?"

जनुकं तीच राहतात, सर. मांडीच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत प्रथिनांची तीच सुमारे वीस हजार जनुकं आहेत. कोणत्या जनुकाच्या किती आरएनए प्रती निघतात, यावर पेशीचं काम ठरतं. स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये मांडीतून स्नायूचा बारीकसा तुकडा काढण्याची सुई रूढ केली, तेव्हापासून माणसाच्या स्नायूत काय चाललंय ते थेट तपासता येऊ लागलं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत तेवीस तरुण-तरुणींना तीन महिने एकाच पायानं गुडघा सरळ ताणण्याचा व्यायाम करायला लावला, आठवड्यातून चार वेळा, पाऊण तास. माणूस तोच, जेवण तेच, जनुकं तीच. तरी राबलेल्या पायाच्या डीएनएवर सुमारे पाच हजार जागी रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या, आणि त्याबरोबर अनेक जनुकांची सक्रियताही. बसलेल्या पायात तसं झालं नाही. २०१४ सालचं हे काम आहे.

सर दोन्ही मांड्यांवर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, "हे विशीतल्या पोरांचं झालं. सत्तरीतल्यांचं सांगा."

सत्तरीतल्यांचंही आहे, आणि माझा सगळा भरवसा त्यावर आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात सत्तरीच्या आसपासची निरोगी माणसं आणि विशीतली मुलं यांच्या मांडीचे तुकडे तपासले. सुमारे सहाशे जनुकांच्या सक्रियतेत फरक होता. मायटोकाँड्रियाशी संबंधित जनुकं त्यात ठळक होती. मग ज्येष्ठांकडून सहा महिने, आठवड्यातून दोनदा, वजनं उचलण्याचा व्यायाम करून घेतला. वयानं बिघडलेल्या त्या जनुकांपैकी बऱ्याचशांची चाल तरुणांकडे वळली. ताकदीत ते आधी तरुणांपेक्षा ५९ टक्के कमी होते, नंतर ३८ टक्के. अंतर सगळं मिटलं नाही, हेही मी सरांना सांगितलं. पण बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या नऊ जणांनी आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढवली होती. त्यामुळे "आता वय झालं" हे कारण मी कोणाकडूनच ऐकून घेत नाही.

दुपारी १२

वारीला पायी जाणाऱ्या एक आजी, यंदा गुडघ्यामुळे घरी राहिलेल्या. चालण्यानं त्यांचा दम उत्तम, नाडी संथ. पण लेण्याद्रीच्या पायऱ्या कठड्याशिवाय चढवत नाहीत. चालण्यानं मायटोकाँड्रिया सुधारतात, जोरदार आकुंचन पावणाऱ्या तंतूंना मात्र वजनच लागतं, आणि वयाबरोबर बारीक होण्यात तेच तंतू पुढे असतात. आजींना दोन विटांची पिशवी सांगितली.

दुपारी १.३०

डबा. भाकरी, मासवडी, दही. आमच्या भागातली मासवडी मी रुग्णांना मुद्दाम सांगते, कारण तिच्यात बेसन आहे. म्हाताऱ्या स्नायूला प्रथिन घडवायला तरुणापेक्षा एका जेवणात जास्त प्रथिन लागतं. वजनाच्या दर किलोला दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम, असं तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आमच्याकडे आजी-आजोबांचं जेवण चहा-बिस्किटावर आणि उपासाच्या साबुदाण्यावर येतं, दूध-अंडी नातवंडांना जातात.

दुपारी ३

मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडेनं वर तळेघरकडे. पाऊस धरलेला. खाचरांत आवणी चालू आहे.

बांधावरून हाक मारते तेव्हा मावशी मान वर करतात, कंबर नाही. वय सहासष्टच्या आसपास. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या अंगठ्यानं चिखलात रोप दाबायचं, पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा दाबायचं. सकाळपासून हेच. पिंढऱ्या चिखलात, पाठीवर इरलं. मला पाहून बांधावर येतात त्या एका दमात, हात न टेकता. सकाळच्या आजोबांना ज्याला तीन झोके लागले, ते यांना सहज जमतं. पकड मोजली तर सतरा किलो.

"बाई, कंबर मोडलीय. पण बसले तर आवणी कोण करील?"

सकाळी काय खाल्लं, असं विचारलं. कोरा चहा, भाकरी, चटणी. दुपारी भात. वरण? "कधी कधी." गवंडी दारात येऊन उभे आहेत आणि घरात विटा नाहीत, अशी या शरीराची अवस्था आहे. व्यायाम वाढवा असं मी मावशींना सांगत नाही, ते अन्यायाचं होईल. त्यांना हवी आहे डाळ, अंडी, दोन घटका पाठ सरळ करायची सवड.

आणि इथे गोष्ट साठीच्या खूप मागे जाते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती, स्नायू मात्र बारीक होते. स्नायूतल्या तंतूंची संख्या बरीचशी जन्माआधीच ठरते. त्याच अभ्यासात दिसलं की गरोदरपणी जास्त कष्ट करणाऱ्या बायांची बाळं लहान होती, आणि पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्यांची मोठी.

म्हणजे आराम द्यायचा तो पोटुशीला, आणि जोर लावायला लावायचा तो घरात बसलेल्या म्हाताऱ्याला. आमच्याकडे नेमकं उलट चालतं. पोटुशी हंडा वाहते आणि आजोबांच्या हातचा तांब्या काढून घेतला जातो. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो.

संध्याकाळी ५.३०

परतीच्या वाटेवर एका शाळेच्या पडवीत आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांचा वर्ग घेते. जड व्यायामाला वेळ संध्याकाळचीच ठेवलीय. स्नायूच्या पेशींत दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारी जनुकं असतात, आणि माणसाचा जोर साधारणपणे दुपार कलल्यावर सर्वांत जास्त भरतो. साहित्य म्हणजे शाळेच्या खुर्च्या आणि तांदूळ भरलेल्या कापडी पिशव्या. खुर्चीवरून उठायचं, पिशवी छातीशी धरून पुन्हा उठायचं, टाचा उचलायच्या. दहाच वेळा, पण शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. हलकं वाटलं की पिशवीत तांदूळ वाढतो. श्वास कोंडायचा नाही, मोठ्यानं आकडे म्हणायचे. शाळेतली पोरं खिडकीतून सोबतीनं आकडे म्हणतात.

रात्री ९

घरी पोचून नोंदी करते. संध्याकाळच्या वर्गातल्या माणसांच्या मांडीत या वेळी कामाला जोर आलेला असतो. व्यायाम संपल्यावर दोन ते चार तासांत मायटोकाँड्रिया वाढवणाऱ्या पीजीसी-१ अल्फा या जनुकाच्या आरएनए प्रती टिपेला पोचतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत होतात. प्रथिन घडवणं मात्र एक-दोन दिवस वाढलेलं राहतं. एका व्यायामाचा परिणाम इतकाच टिकतो, म्हणून आठवड्यातून निदान दोनदा, आणि म्हणून मध्ये महिनाभर खंड नको.

वारुळवाडीच्या सूनबाईंचा फोन येऊन गेला. आजोबा दिवसभरात चार वेळा उठले, दहा नाही. चालेल. उद्या पाच.

तुमच्या घरात साठीपुढचं माणूस असेल तर उद्याच एक बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, स्वतः शेजारी उभे राहा, त्यांना हाताची घडी घालून पाच वेळा उठायला सांगा आणि घड्याळ पाहा. बारा सेकंद झाले तर रक्तदाब आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि त्यानंतर भाजीची पिशवी त्यांनाच उचलू द्या.